स्टार्च निगेटिव्ह

७ जुलै, सोमवार
ताईच्या घरी बैठक. म्हणजे ताई, भाऊजी, धाकटा, मी आणि टेबलाच्या मधोमध हॉस्पिटलची जाडजूड फाइल. ताईचं यकृत संपत आलंय. डॉक्टरांचे शब्द मवाळ होते, अर्थ हाच. जवळच्या कुणी आपल्या यकृताचा तुकडा दिला तर ती वाचेल. तीन महिन्यांच्या आत. भाऊजींचा रक्तगट जुळत नाही. माझा जुळतो. धाकट्याचाही.

धाकट्याने तोंड उघडायच्या आत मी हात वर केला. मग वीसेक मिनिटं यकृतावर बोललो. जेवणातल्या ग्लुकोजचं ग्लायकोजेन करून साठवणं, मेद पचवायला पित्त तयार करणं, प्रथिनांचा विषारी कचरा साफ करणं, आणि एवढं करून कापलं तरी पुन्हा वाढणं. बावीस वर्षं हा धडा शिकवतोय, पुस्तक उघडावं लागत नाही. ताई रडली. भाऊजींनी माझे दोन्ही हात धरून ठेवले. धडा इतका परिणामकारक याआधी कधी झाला नव्हता.

धाकटा म्हणाला, दादा, दोघांच्याही टेस्ट होऊ दे की, वेळ वाचेल. लागलं मला. म्हटलं, माझ्यावर भरवसा नाही का? त्याने फाइल माझ्याकडे सरकवली. लिफ्ट दुरुस्त करतो. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही आणि म्हणे यकृत देणार. त्याला अभ्यास लागतो.

१२ जुलै, शनिवार
माझ्या टेस्ट झाल्या. डॉक्टर कोवळे आहेत. म्हणाले, सर, तुमच्या यकृतात चरबी आहे, पंचवीस टक्के. असं यकृत देता येत नाही. वजन एक्क्याण्णव. आठ आठवड्यांत दहा किलो उतरवा, यकृत लवकर सुधारतं. ८ सप्टेंबरला पुन्हा स्कॅन. तोवर दुसरं कुणी असेल तर त्यांच्याही टेस्ट सुरू करू.

मी म्हणालो, दुसरं कुणी नाही. भाऊ आहे, पण त्याचं काम उंचावरचं, त्याला जमणार नाही. धाकटा असं म्हणाला नव्हता. पण म्हणाला असता.

घरी आणि ताईकडे सांगितलं: रिपोर्ट उत्तम, आठ आठवड्यांची पूर्वतयारी तेवढी बाकी. चरबीचा विषय काढला नाही. लोक उगाच काळजी करतात. बायकोने विचारलं, पूर्वतयारी म्हणजे काय हो? म्हटलं, मेडिकल आहे. म्हणाली, असं. तिचं हे 'असं' पंचवीस वर्षं ऐकतोय, अजून पचलेलं नाही.

१४ जुलै, सोमवार
हॉस्पिटलची आहारतज्ज्ञ भेटली. माझ्या जुन्या विद्यार्थिनी असतात त्या वयाची. तिने छापील तक्ता दिला. त्यात एकके दोन ठिकाणी चुकली होती, लाल पेनाने गोल करून परत दिला. गुण द्यायचा मोह आवरला. ती म्हणाली, सर, तुम्हाला तर सगळंच माहीत आहे, म्हणजे आता फक्त करायचंच राहिलं. हुशार आहे. जिभेला मात्र धार आहे.

ठराव. साखर बंद. मैदा बंद. बटाटा बंद. रोज पाऊण तास चालायचं. खाल्लेलं सगळं या वहीत लिहायचं, पण पदार्थाच्या नावाने नाही, रेणूच्या नावाने. पदार्थाच्या नावात भावना असते. रेणूत नसते.

आज: प्रथिनं (दोन अंडी), तंतुमय पदार्थ (काकडी), पाणी. छाती फुगली. पोट आत गेलं.

१५ जुलै, मंगळवार
चालणं उद्यापासून. बूट आणायचेत.

१६ जुलै, बुधवार
मुख्याध्यापिकांनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर जाहीर केलं की आपले विज्ञानाचे सर बहिणीला यकृत देणार आहेत. अकराशे मुलांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना मी नापास केलंय त्यांनीही. मग स्टाफरूममध्ये केक, चॉकलेटचा, दोन थरांचा. वर यकृताचं चित्र काढायला सांगितलं होतं, बेकरीवाल्याने हृदय काढलं. कुणाला फरक कळला नाही. मी सांगितला.

नको म्हणता आलं असतं, पण मग कारण विचारलं असतं. यकृतावर चरबी आहे असं यकृतदात्याने सत्कारात कसं सांगायचं? खाल्ला. दोन तुकडे, कारण पहिला फोटोसाठी होता.

आज: मेद, कर्बोदकं. प्रमाण समारंभापुरतं.

१८ जुलै, शुक्रवार
हॉस्पिटलच्या समन्वयक बाई दर शुक्रवारी फोनवर वजन विचारणार आहेत. काट्यावर एक्क्याण्णव पूर्णांक सहा. पण एक ग्रॅम ग्लायकोजेन तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं, हे शास्त्र आहे, आणि पाणी म्हणजे काही मी नव्हे. पाणी वजा केलं. कपडे वजा केले. बाईंना सांगितलं, एकोणनव्वद पूर्णांक आठ. म्हणाल्या, वा सर, छान सुरुवात!

खरंच छान वाटलं.

२१ जुलै, सोमवार
आज एक शोध लागला.

प्रयोगशाळेच्या आतल्या खोलीत मुलांसाठी आणलेले क्रीम बिस्किटांचे पुडे होते. स्टार्चचा प्रयोग. आयोडिनचा थेंब टाकला की स्टार्च निळाकाळा पडतो. बिस्किटावर टाकला, काळंठिक्कर. क्रीमवर टाकला, ढिम्म. पुन्हा टाकला. आयोडिन पिवळं ते पिवळंच. स्टार्च निगेटिव्ह!

मी स्टार्च सोडलाय. क्रीममध्ये स्टार्च नाही. पुढचं तर्कशास्त्र सातवीतल्या मुलालाही जमेल. चमच्याच्या टोकाने आठ बिस्किटांचं क्रीम काढून घेतलं आणि कोरड्या चकत्या ॲप्रनच्या खिशात ठेवल्या. फेकल्या नाहीत. अन्न आहे.

प्रयोगशाळेतले मामा दारात उभे होते. शाळेत माझ्याहून जुने. म्हणाले, सर, प्रयोग संपला की अजून वाचन घ्यायचंय? म्हटलं, तीन वाचनं घेऊन सरासरी काढायची असते. म्हणाले, मग दुसरा पुडा फोडतो.

२५ जुलै, शुक्रवार
बाईंना सांगितलं, अठ्ठ्याऐंशी पूर्णांक एक. काटा ब्याण्णव म्हणतो. काटा न्हाणीघरात ओल्या फरशीवर आहे. ओलीवर काय भरवसा ठेवायचा.

या आठवड्यात मला कोणी उपाशी राहू दिलेलं नाही. बातमी इमारतभर झाली. वरच्या मजल्यावरच्या आजींनी बटाट्याचे पॅटिस पाठवले, चिठ्ठीसह: देणाऱ्याच्या अंगात बळ हवं. न्हाव्याने दाढीचे पैसे घेतले नाहीत, वर बाटलीभर आंब्याचा रस दिला. शेजारची वकीलीणबाई रोज सकाळी लोण्यात परतलेला टोस्ट पाठवते. बायको दरवाजा उघडते, ताटली घेते, माझ्यासमोर ठेवते आणि बघत बसते. मी खातो. नाही म्हणावं तर कारण सांगा. कारण सांगावं तर ताईच्या कानावर जाणार. म्हणजे हे सगळं मी ताईला धक्का बसू नये म्हणूनच खातोय.

३० जुलै, बुधवार
बूट आणले. चावतात.

लिंबूपाण्याचा मोठा थर्मास शाळेत न्यायला लागलोय. गरम. स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं, बिनसाखरेचं. संगीताच्या बाई म्हणाल्या, काय निश्चय आहे हो तुमचा! त्यात चार चमचे साखर असते, पण आपल्या घरातली साखर म्हणजे सुक्रोज, आणि साखर ओळखायच्या बेनेडिक्टच्या द्रावणाला सुक्रोज दिसत नाही. द्रावण निळं राहतं. जी साखर विज्ञानाच्या परीक्षेत सापडत नाही तिची घरगुती चर्चा कशाला?

१ ऑगस्ट, शुक्रवार
वजनाचा आलेख काढला. बाईंना सांगितलेले आकडे. रेष इतकी सरळ उतरत होती की मलाच संशय आला. मुलांना मीच शिकवतो, खऱ्या मोजमापात चढउतार असतो, फार गुळगुळीत आकडे म्हणजे नक्कल. म्हणून आज तीनशे ग्रॅम वाढ सांगितली. बाई म्हणाल्या, होतं सर असं, नाउमेद होऊ नका. मी म्हटलं, नाही होणार.

फोन ठेवल्यावर कान गरम झाले. रक्तदाब असेल.

६ ऑगस्ट, बुधवार
भाऊजी संध्याकाळी डबा घेऊन आले. ताईने लोण्याची बिस्किटं केली आहेत, माझ्यासाठी. तिला उभं राहवत नाही, स्टुलावर बसून थापली. हाताला सूज आहे, प्रत्येक बिस्किटावर तिच्या बोटाचा खोल ठसा उमटलाय. भाऊजी म्हणाले, ऐकतच नाही, म्हणते माझ्यासाठी पोट फाडून घेणार आहे, निदान पोटभर खाऊ तरी दे त्याला.

चोवीस होती. भाऊजी निघून जाईपर्यंत दोन खाल्ली. बाकीची नंतर. ठेवून द्यायचा विचार आला होता, पण त्या ठशांकडे बघवेना. म्हणून संपवली.

बायको म्हणाली, ताईंना माहीत असतं तर त्यांनी ही केली असती का? मी विचारलं, काय माहीत असतं तर? म्हणाली, पूर्वतयारी.

आज: लिहीत नाही.

११ ऑगस्ट, सोमवार
नवी सुरुवात. जुन्या ठरावांत घाईगर्दी होती. साखर, मैदा, बटाटा एका दिवशी सोडायचं म्हणजे शरीराला दगा देणं. आता आठवड्याला एकच रेणू सोडायचा. या आठवड्यात सेल्युलोज. काकडी बंद.

१९ ऑगस्ट, मंगळवार
आज घडलं ते लिहू नये. पण ही वही कोणी वाचत नाही.

नववीचं प्रॅक्टिकल. अन्नातले रेणू ओळखा. ग्लुकोज, दूध, अंड्याचा पांढरा भाग, तेल, सगळं मांडलं होतं. तुलनेसाठी अजिबात साखर नसलेला एक नमुना हवा होता. मामा नळाचं पाणी आणायला निघाले. मी म्हटलं, थांबा, माझ्या थर्मासमधलं घ्या, बिनसाखरेचं लिंबूपाणी, मुलांना संयमाचंही उदाहरण मिळेल. मला धाकधूक नव्हती. सुक्रोज बेनेडिक्टला दिसत नाही हे मला पाठ आहे.

बेनेडिक्ट घालून टेस्टट्यूब उकळत्या पाण्यात ठेवली. निळं. मग हिरवट. मग पिवळं. मग नारिंगी. मग विटेसारखं लाल, आणि तळाशी गाळ. ग्लुकोजच्या टेस्टट्यूबशेजारी ठेवली तर जुळ्या बहिणी.

मागून कोणीतरी म्हणालं, लिंबातलीच साखर असेल. पहिल्या बाकावरची चष्मेवाली उठली. ती शिकवलेलं विसरत नाही, हा तिचा दोष. म्हणाली, लिंबात इतकी नसते. सर, तुम्हीच सांगितलं होतं ना, आम्ल आणि उष्णता मिळाली की घरातली साखर फुटते आणि ग्लुकोज, फ्रुक्टोज सुटे होतात. तुमचं लिंबूपाणी सकाळपासून थर्मासमध्ये गरमच होतं. म्हणजे सर, आधी त्यात साखर होती. भरपूर.

चाळीस मुलं. एकही हसलं नाही. हसली असती तर ओरडता आलं असतं.

मी म्हणालो, अचूक निरीक्षण. तिला दहापैकी दहा दिले. मग अक्षरासाठी एक कापला. मामा सिंकपाशी पाठमोरे उभे होते, म्हणाले, सर, ही टेस्टट्यूब धुऊ की जपून ठेवू?

२२ ऑगस्ट, शुक्रवार
बाईंना: ब्याऐंशी पूर्णांक नऊ. काटा: त्र्याण्णव. दोन आकड्यांच्या मधे आता एक लहान मूल मावेल.

२४ ऑगस्ट, रविवार
बायको आणि मी ताईकडे गेलो. डोळे पिवळे, दंडावर निळे डाग. नुसतं धरलं तरी पडतात. यकृत रक्त गोठवणारी प्रथिनं करेनासं झालं की असं होतं. पाठ आहे मला.

तिने जेवायला पाच ताटं वाढली. आम्ही चौघं. भाऊजींनी हळूच विचारलं, पाचवं कुणाचं गं? म्हणाली, बाबांचं, येतीलच एवढ्यात. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. भाऊजींनी पाचव्या ताटासमोर पेला ठेवला. पाणीही ओतलं.

प्रथिनं तुटली की अमोनिया होतो. यकृत त्याचा युरिया करून बाहेर धाडतं. यकृत थकलं की अमोनिया मेंदूत जातो. वर्गात हे मी एका वाक्यात सांगतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. परीक्षेत एक गुणाला येतं.

निघताना ताईने मला विचारलं, तू नीट खातोयस ना रे? मी हो म्हटलं. दारापर्यंत तिने तीनदा विचारलं. तीनदा हो म्हटलं. ते तेवढं खरं होतं.

उद्यापासून फक्त पाणी. शपथ. दोन आठवड्यांत जेवढं उतरेल तेवढं.

२५ ऑगस्ट, सोमवार
सकाळी अकरा चाळीसपर्यंत फक्त पाणी. मग मेंदूचा विचार करावा लागला. मेंदूला दिवसाला सव्वाशे ग्रॅम ग्लुकोज लागतो आणि माझं काम मेंदूचं आहे. मामांनी न विचारता पुडा पुढे केला. आज क्रीम वेगळं काढायचीही ताकद नव्हती. अख्खीच खाल्ली.

२६ ऑगस्ट, मंगळवार
बायकोने समन्वयक बाईंचा नंबर मागितला. दिला. आभार मानायचे असतील.

२ सप्टेंबर, मंगळवार
धाकटा घरी येऊन गेला. कोपरात कापूस चिकटवलेला. म्हटलं, काय झालं? म्हणाला, तार लागली. लिफ्टवाल्यांचं असंच. सुरक्षेचे नियम पाळत नाहीत. त्याला मी दहा मिनिटं जखम भरताना प्रथिनं काय काम करतात ते समजावलं. ऐकून घेतलं. बायको आत भांडी आपटत होती.

जाताना म्हणाला, दादा, तुझं कसं चाललंय? म्हटलं, ठरल्याप्रमाणे.

एकदम वाटलं होतं त्याला सगळं सांगून टाकावं. तो चपला घालत होता. मग लिफ्ट आली. त्याच्या लिफ्टा वेळेवर येतात.

५ सप्टेंबर, शुक्रवार
बाईंना: एक्क्याऐंशी पूर्णांक दोन. बाईंनी आकडा पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाल्या, बरं सर, सोमवारी भेटूच.

८ सप्टेंबर, सोमवार
हॉस्पिटल. भाऊजीही आले होते. चेहऱ्यावर इतकी आशा होती की मी त्यांच्या डावीकडून चाललो, तिकडच्या डोळ्याने त्यांना कमी दिसतं.

काट्यावर चढण्याआधी बूट काढले. पट्टा काढला. घड्याळ, पाकीट, किल्ल्या, रुमाल. चष्माही काढत होतो, नर्स म्हणाली, सर, राहू द्या, चष्म्याने काही होत नाही. त्र्याण्णव पूर्णांक चार. समन्वयक बाईंनी हातातल्या कागदाकडे बघितलं, काट्याकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे. डॉक्टरांनी मऊ आवाजात विचारलं, घरचा काटा बिघडलाय का सर? पोर मला वाट करून देत होतं. मी म्हटलं, हो, बिघडलाय. भाऊजी म्हणाले, बारा किलोंनी? टोमणा नव्हता. भाऊजी साधे आहेत, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

स्कॅनमध्ये चरबी पंचवीसची बत्तीस झालेली. यकृत साठवतं. जादा साखर आली की आधी ग्लायकोजेन, तो कप्पा भरला की मेद. क्रीम, रस, टोस्ट, चोवीस बिस्किटं, सगळं त्याने नीट आत लावून ठेवलेलं होतं.

भाऊजी उठून खिडकीपाशी गेले. तिथून म्हणाले, मग आता तिचं काय? कोणाला विचारलं ते कळलं नाही. मी जमिनीकडे बघून घेतलं. मोजे वेगवेगळे घातले होते.

मग समन्वयक बाई म्हणाल्या, दुसऱ्या दात्याच्या सगळ्या टेस्ट झाल्या आहेत. मी म्हटलं, दुसरा कोण? तेवढ्यात धाकटा दार ढकलून आत आला, भाऊजींसाठी चहा घेऊन. बायकोने बाईंना आणि त्याला २६ ऑगस्टलाच फोन केला होता. डॉक्टर म्हणाले, यांचं यकृत पुस्तकातल्यासारखं आहे. पुस्तक मी शिकवतो.

निघताना डॉक्टर आणखी एक बोलले. दोन महिन्यांपूर्वी यांच्याबद्दल कळलं असतं तर ताईंची ताकद टिकून असताना ऑपरेशन झालं असतं, आता धोका बराच वाढलाय. हे वाक्य दोनदा लिहून खोडलं. तिसऱ्यांदा राहू देतो.

९ सप्टेंबर, मंगळवार
बायकोला विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? म्हणाली, तिसऱ्या आठवड्यापासून. धुवायला घेतलेल्या ॲप्रनच्या खिशात अकरा कोरड्या चकत्या सापडल्या, एकीलाही क्रीम नाही. क्रीम बिस्किटातलं क्रीम उंदीर नेत नाही, म्हणाली, तो अख्खं नेतो.

मग मला का नाही बोललीस? म्हणाली, बोलून काय झालं असतं, तुम्ही मला ग्लायकोजेन सांगितलं असतं. मीही महिनाभर वाट बघत बसले हो, वाटलं स्वतःहून बोलाल. तेवढी चूक माझीही. आणि मग रडली. मी तिच्यासाठी पाणी आणलं. त्यात साखर घातली नव्हती, हे इथे लिहायची गरज नाही.

धाकट्याकडे गेलो. म्हटलं, मी डॉक्टरांना सांगितलं होतं की तुला जमणार नाही. म्हणाला, कळलं मला. जिना पुसत होता. म्हणाला, दादा, मी भितो रे सुईला, तू नुसता शेजारी बस. मी त्याला भूल कशी काम करते ते सांगायला लागलो. त्याने फडकं पिळलं आणि ऐकलं.

१५ सप्टेंबर, सोमवार
शाळेत सांगायला हवं. माझी सहा आठवड्यांची रजा मंजूर झाली आहे, दाता म्हणून. ती रद्द करायचा अर्ज घेतला. त्यात 'कारण' असा रकाना आहे, जागा दीड ओळ. दीड ओळीत मावेना. घरी आणलाय, निवांत भरतो. मुलांनी शुभेच्छांचं मोठं कार्ड दिलं. चष्मेवालीने त्यावर फक्त सही केली आहे.

१७ सप्टेंबर, बुधवार
ऑपरेशन. सकाळी सहाला दोघांना आत नेलं. सुई टोचताना मी धाकट्याचा हात धरला. त्याने डोळे मिटले होते, मीही. नर्स म्हणाली, काका, तुम्हाला नाही टोचत.

मग अकरा तास. भाऊजी, बायको आणि मी एका बाकावर. माझ्याकडे चपला, दोन पिशव्या आणि धाकट्याचं घड्याळ. धाकट्याच्या पोटात सुरी फिरत होती ती माझ्या जागी, आणि ताई दोन महिन्यांनी उशिरा टेबलावर होती ती माझ्यामुळे. हे दोन्ही विचार आळीपाळीने येत होते, एकाच वेळी येऊ देत नव्हतो. दुपारी भाऊजींनी सँडविच आणली, अर्धी मला दिली. वाटण्याची सवय. हातात धरून बसलो. संध्याकाळी बघतो तर तशीच होती.

पाच वाजता डॉक्टर बाहेर आले. मास्क खाली ओढून म्हणाले, झालं. दोघंही ठीक. भाऊजी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. जवळचा खांदा माझाच होता.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
वॉर्डात शाळेकडून फुलं आली. माझ्या नावाने. सिस्टर नाव शोधत फिरली, मग आडनाव बघून धाकट्याच्या खाटेशेजारी ठेवली. त्याने कार्ड वाचलं. 'आमच्या धैर्यवान सरांना.' दोनदा वाचलं. मग मला म्हणाला, दादा, तुझी फुलं इथे राहिली तर चालतील ना? वास बरा आहे.

रजेचा अर्ज अजून पिशवीतच.

२१ सप्टेंबर, रविवार
ताई पहिल्यांदा नीट बोलली. डोळ्यांतला पिवळेपणा उतरलाय. एका वेळी दोघांनाच आत सोडतात. मी गेलो, माझ्या मागे चाकाच्या खुर्चीत धाकटा, पोटाशी उशी धरून. खोकला आला की ती दाबायची असते.

दाता बदलला हे तिला ऑपरेशनच्या आधी सांगितलं होतं, सहीसुद्धा घेतली होती. पण तेव्हा तिच्या डोक्यात अमोनिया होता, काही राहिलेलं नाही. तिने मला बघितलं, सलाइनचा हात हळूच उचलून माझा हात धरला आणि विचारलं, फार दुखतंय का रे पोट?

सांगायचं होतं. वाक्य तयार होतं, छोटं होतं, दीड ओळीतही मावलं असतं. तिच्याकडे बघितलं.

म्हणालो, थोडंसं.

ती रडायला लागली. म्हणाली, बस रे, उभा नको राहूस. मागून खुर्चीचं चाक कुरकुरलं. धाकटा पुढे आला, धाप लागली होती त्याला. म्हणाला, ताई, दादाला जास्त बोलायला लावू नकोस गं, टाके ओले आहेत त्याचे. मग स्वतःच्या पोटाशी उशी घट्ट दाबली, आणि पायाने स्टूल माझ्याकडे सरकवलं.

मी बसलो. हळू, पोटावर हात धरून.